बोट डावीकडे वळायची आणि उजवीकडे गिरकी घ्यायची

मागच्या वेळी लिहिलं होतं ना की पुण्याच्या एका मुलाकडून रिमोटवर चालणारी सेकंडहँड टनेल बोट घेतली म्हणून, तर त्यानंतर चार-पाच जणांनी विचारलं की पुढं काय झालं, चालवतो का नुसती कपाटावर ठेवली. चालवतो भो. पण मधले सहा महिने जे झालं ते सांगायला थोडी लाज वाटते कारण मी मोटार रिवाइंडिंगवाला माणूस, दिवसभर बिघाड शोधणं हेच माझं पोट, आणि या साडेसव्वीस इंची खेळण्याने मला पार वेडं केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधी बोट एका पोटावर चालते. टनेल बोटीला दोन बाजूला दोन लांब पाय असतात, त्यांना स्पॉन्सन म्हणतात, आणि मधे बोगद्यासारखी मोकळी जागा. वेग धरला की समोरची हवा त्या बोगद्यात घुसते, दाबली जाते आणि बोटीला वर उचलते, मग पाण्याला फक्त दोन्ही स्पॉन्सनची मागची टोकं आणि प्रोपेलर एवढंच टेकलेलं राहतं. खऱ्या फॉर्म्युला वनच्या पॉवरबोटी अशाच असतात. 2018 च्या नोव्हेंबरात आंध्रातल्या अमरावतीला कृष्णा नदीवर त्यांची शर्यत झाली होती, तिचे व्हिडिओ बघूनच मला हा किडा चावला. त्या बोटींना अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं आउटबोर्ड इंजिन होतं, आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं, आणि चालवणारा चालता चालताच इंजिनाचा कोन वरखाली करतो, नाक किती उचलायचं ते त्याच्या हातात. आपल्या मॉडेलमध्ये ती चैन नाही, जे काय ते काठावर बसून पाना फिरवून करायचं आणि मग पाण्यात सोडून देवाचं नाव घ्यायचं.

माझी बोट फायबरची, मागे इलेक्ट्रिक आउटबोर्ड, थ्री सेल लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, सगळं धरून तेराशे ग्रॅमच्या आसपास. घेतली तेव्हा मस्त चालत होती, खोटं कशाला बोलू. जानेवारी-फेब्रुवारीत जळगावजवळच्या वाघूर धरणाच्या बॅकवॉटरला नेऊन दोनचार वेळा पळवली, सरळ जायची, दोन्हीकडे वळायची. मग मार्च एंडिंगची कामं, मग उन्हाळ्यात पंपाच्या मोटारी जळायचा सीझन, आमच्याकडं एप्रिल-मे म्हणजे दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो, शेतकरी मोटार घेऊन रात्री दहाला येतो आणि केळी वाळून चालली म्हणतो, त्याला नाही कसं म्हणणार. बोट तशीच गाडीच्या डिकीत पडून राहिली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

जूनमध्ये पाऊस पडला, कामं थोडी हलकी झाली, म्हटलं आता चालवू. मेहरूण तलाव घरापासून जवळ पण तिथं सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी, आणि बोट काढली की दहा जण गोळा होतात, पहिला प्रश्न ठरलेला, ड्रोन आहे का? दुसरा, कितीला पडली? आणि तिसरा, याच्यावर माणूस बसतो का. काकाऽऽ दोन फुटाची आहे ती. तर मेहरूण बाद. वाघूर लांब पडतं. म्हणून चोपड्याजवळ मामाचं केळीचं शेत आहे तिथं गेलो, मामाने शेततळं केलंय, तीस बाय तीस मीटरचं, खाली प्लास्टिकचा कागद, कडेने तारेचं कुंपण. पाणी आरशासारखं शांत, जलपर्णी नाही, कुणी विचारणारं नाही. मामा सोडून.

एक गोष्ट आधीच सांगतो, शेततळ्याचा कागद ओला झाला की त्याच्यावर पाय ठरत नाही, आत घसरलेला माणूस पोहता येत असलं तरी वर चढू शकत नाही, दर वर्षी अशा बातम्या येतात. मामाने चारही बाजूंनी गाठी मारलेले नायलॉनचे दोर आत सोडून ठेवलेत आणि ट्यूब बांधलीय. बोट बंद पडली तर मी आत उतरत नाही, मासेमारीच्या गळाला टेनिसचा बॉल बांधून बोटीच्या पलीकडं फेकायचा आणि दोरा ओढत आणायची. दोन हजाराच्या मोटारीसाठी जीव द्यायचा नाही.

तर पहिल्या दिवशी पाण्यात सोडली. डावीकडे वळवली, वळली, जरा मोठा घेर घेत होती पण वळली. उजवीकडे वळवली आणि काय सांगू, उजव्या स्पॉन्सनचं नाक पाण्यात खुपसलं, मागची बाजू गर्रकन फिरली आणि बोट उलट्या तोंडाने थांबली. परत. परत तेच. अर्ध्या थ्रॉटलला पण तेच. मामा केळीच्या सावलीत खाटेवर बसून बघत होता, म्हणतो, "भाचा, हाई नाव शे का भोवरा?"

आता गंमत अशी की माझा टर्न फिन म्हणजे तो वळताना पाणी पकडायचा अल्युमिनियमचा पंख उजव्याच स्पॉन्सनला आहे. मॉडेल बोटींच्या बऱ्याचशा शर्यती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने होतात, वळणं उजवी, म्हणून पंख उजवीकडे लावतात की आतल्या बाजूने बोट पाण्याला धरून राहावी. आणि माझी बोट नेमकी पंखाच्या बाजूलाच गिरकी घेत होती. साहजिक पहिला संशय पंखावर. काढला, काचेवर ठेवून बघितला, सरळ होता. पुढची कड कानशीने धारदार केली, दोरी लावून बोटीच्या मधल्या रेषेला समांतर बसवला. काही फरक नाही.

मग बॅटरी. टनेल बोटीत वजन कुठं आहे हा सगळ्यात मोठा खेळ. माझ्या बोटीत वजनाचा मध्य मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण तीस टक्क्यांवर होता, दोन बोटांवर तोलून बघायचा आणि पेनने खूण करायची. मध्य पुढं गेला की नाक जड, बोट नाकाने वळायला बघते आणि मागची बाजू सुटते. म्हणजे गिरकी. सोपं आहे, म्हटलं बॅटरी मागं सरकवू. दहा मिलिमीटर मागं घेतली, गिरकी थोडी कमी झाली. अजून दहा मागं. आता उजवं वळण जरा बरं, पण वाघूरला नेऊन सरळ पळवली तर बोट डॉल्फिनसारखी उड्या मारायला लागली, नाक वर खाली वर खाली, आणि तिसऱ्या उडीला बोगद्यात हवा शिरली आणि अख्खी बोट मागच्या मागं पालथी. फटॅक असा आवाज झाला, पलीकडं जाळं टाकून बसलेला बाबा उठून उभा राहिला.

म्हणजे बॅटरी पुढं तर गिरकी आणि मागं तर उड्या, आणि मधे कुठंच बरी जागा नाही. दोन-दोन मिलिमीटरने सरकवून बघितली. इथंच मला कळायला पाहिजे होतं. दुकानात एखादी मोटार अशी आली की लोड दिला की गरम आणि लोड काढला तरी गरम, तर मी वाइंडिंग सोडून आधी बेअरिंग बघतो. पण स्वतःच्या बोटीला माणूस स्वतःचं पोरगं समजतो, तिच्या हाडातच काही असेल हे मनात येत नाही.

मग मोटारीची उंची. आउटबोर्ड मागच्या फळीवर वरखाली करता येतो. वर घेतला की पाण्यात कमी बुडतो, ओढ कमी, वेग जास्त, पण वळताना प्रोपेलर हवा पितो आणि पकड सोडतो. खाली घेतला की वळणात पकड चांगली पण सरळ रेषेत बोट मंद. मी वॉशर घालून एक-एक मिलिमीटर बदलत गेलो. इथं मला माझ्या धंद्याचा फायदा झाला, आवाजावरून कळतं. प्रोप पाण्यात नीट धरून असला की मोटार भरल्या गळ्याने बोलते, हवा प्यायला लागला की एकदम बोंबलते, वरच्या पट्टीत. एक मिलिमीटर वर घेतली की सरळ रेषेत खूष आणि वळणात बोंब. एक खाली घेतली की बोंब बंद. तिथंच ठेवली. पण बोंब गेली तरी गिरकी तशीच, म्हणजे प्रोपची पकड सुटत होती म्हणून मागची बाजू फिरत नव्हती. नाक अडकत होतं म्हणून फिरत होती. हा फरक मला तेव्हा कळला आणि तो मी वहीत लिहिला, पण त्याचा अर्थ काय ते कळायला अजून महिना गेला.

वहीचं सांगायचं राहिलं. सुरवातीला मी एका वेळी तीन गोष्टी बदलायचो, बॅटरी पण सरकवायची, उंची पण बदलायची आणि प्रोप पण दुसरा लावायचा, मग फरक पडला तर कशाने पडला ते ब्रह्मदेवाला माहीत. बायको म्हणाली, दुकानात गिऱ्हाइकाच्या मोटारीचं कार्ड लिहिता तसं याचं लिहा की. तर आता जुन्या डायरीत एक पान एक फेरी, एका फेरीत एकच बदल, बॅटरीची जागा, वॉशर किती, कोण काय म्हणालं सगळं. मामाचं बोलणं पण लिहिलेलं आहे. जुलैच्या एका पानावर फक्त एवढंच आहे, "मना मासा मरतीन ना भो". त्याने तळ्यात रोहू-कटला सोडलेत.

तळ्याची एक अडचण म्हणजे ते छोटं. हिशोब केला, बोट ताशी 45 किलोमीटरने पळाली तर सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे तीस मीटरचं तळं अडीच सेकंदात संपलं. त्यामुळं फुल थ्रॉटल तिथं शक्यच नाही. आणि काठ उतरते असले तरी लाटा परत येतात, दोन फेऱ्या मारल्या की पाणी नुसतं डुचमळत राहतं, मग दोन मिनिटं थांबायचं, पाणी बसू द्यायचं. पहिले मला राग यायचा. पण त्यामुळंच झालं असं की मी वेगाचा नाद सोडून नुसतं वळण बघायला लागलो, आठ आकड्यात चालवायची, एक डावं एक उजवं एक डावं एक उजवं. वाघूरला असतो तर आजपर्यंत सरळ पळवून व्हिडिओच काढत बसलो असतो.

पुढचा संशय स्टिअरिंगवर. आउटबोर्ड सर्व्होने, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर फिरणाऱ्या छोट्या मोटारीने, डावी-उजवीकडे फिरतो, तारेची कांडी असते मधे. मोटार हाताने हलवली तर खुळखुळ, सर्व्होच्या भोकात तार सैल. शिवाय कोनमापक लावून बघितला तर डावीकडे पंचवीस अंश आणि उजवीकडे चौतीस! मी उडालोच. सापडलं म्हटलं. इतका जास्त फिरला की आउटबोर्ड वळवत नाही, ब्रेक मारतो. तार काढून बॉल लिंक म्हणजे गोळीच्या सांध्याची कांडी लावली, रिमोटमध्ये दोन्हीकडचा शेवट पंचवीसवर आणला, थोडा एक्स्पो टाकला म्हणजे रिमोटची काडी मधल्या भागात असताना आउटबोर्ड हळू वळतो. हाताला खूप फरक पडला, बोट हाताबाहेर जाईना. पण उजवीकडे अजून नाक खुपसतच होती, आधी गर्रकन फिरायची, आता लाजत लाजत फिरायची एवढंच. हा बदल मात्र ज्याच्याकडं बोट असेल त्याने आधी करावा, मी उगाच उशिरा केला.

आणि सगळ्यात शेवटी मी टॉर्कवर आलो. प्रोपेलर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने तो बोटीला झुकवतो, हा न्यूटनचा नियम, त्यात काही करता येत नाही, फार तर बॅटरी एका बाजूला थोडी सरकवायची. माझी बोट सरळ चालवताना कायम उजवीकडे ओढायची. किती, तर रिमोटचं ट्रिम, म्हणजे स्टिअरिंगचा मध्य थोडा इकडे-तिकडे करायचं बटण, मी आठ टकटक डावीकडे ठेवलं होतं तेव्हा ती सरळ जायची. आता हे आठ टकटक मी कधी केलं? जूनमध्ये. जानेवारीत ट्रिम झिरो होतं. पण ते त्या वेळी डोक्यात आलं नाही. मी म्हटलं टॉर्क उजवीकडे झुकवतोय, उजवा स्पॉन्सन दबतोय, म्हणून नाक खुपसतंय. थिअरी एकदम फिट.

थिअरी तपासायची म्हणून उलट्या हाताचे दोन प्रोप मागवले. ब्रशलेस मोटारीच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते, ते तर आपलं रोजचंच काम, थ्री फेज मोटारीला पण तसंच. वायरी बदलल्या, उलटा प्रोप लावला. आता टॉर्क डावीकडे झुकवणार, बोट डावीकडे ओढणार, बरोबर ना? पहिल्या फेरीत काही कळलंच नाही कारण साधा नट होता, उलट फिरल्यावर सुटला आणि प्रोप तळाला. दोन मागवले होते म्हणून बरं. दुसऱ्याला नायलॉनवाला लॉक नट लावला आणि सोडली.

बोट उजवीकडे ओढली.

मी काठावर उकिडवा बसलो तो तसाच. मोटार उलटी फिरतेय, प्रोप उलटा, टॉर्क उलटा, आणि बोट तरी उजवीकडे. म्हणजे मोटारीचा संबंध नाही, प्रोपचा नाही, बॅटरीचा नाही, जे उलटं केलं नाही तेच फक्त उरलं. बोटीचं अंग. मामा आला, माझं तोंड बघून त्याला वाटलं बोट बुडाली, म्हणतो, "कितला पैसा गया रे?"

त्या रात्री दुकानात शटर अर्धं ओढून बोट पालथी टेबलावर ठेवली. एक फुटाची स्टीलची पट्टी घेतली, डाव्या स्पॉन्सनच्या बुडावर उभी धरली, मागं ट्यूबलाइट, आणि डोळा पट्टीच्या रेषेत आणला. पट्टी आणि फायबरच्या मधून उजेडाचा केस पण दिसत नव्हता. मग उजव्यावर. पुढं नीट, मधे नीट, आणि मागच्या टोकापासून अंदाजे पाच सेंटिमीटरवर उजेडाची चंद्रकोर. पातळ, पण स्वच्छ. ड्रिलची एक मिलिमीटरची सुई त्या फटीत घातली तर आरपार गेली, थोडी हलली पण.

म्हणजे उजव्या स्पॉन्सनचं शेपूट खाली वाकलेलं. बुडाला असा खोलगट बाक आला की पाणी शेवटच्या टोकावर आदळतं, शेपूट वर ढकलतं, आणि शेपूट वर म्हणजे नाक खाली. एकाच बाजूचं. ते नाक पाण्यात ओढ तयार करणार म्हणून सरळ जाताना उजवीकडे ओढणार, डावं वळण मोठ्या घेराचं होणार आणि उजव्या वळणात तेच नाक खुंट्यासारखं रुतणार आणि बोट त्याच्याभोवती फिरणार. सगळी लक्षणं एका मिलिमीटरमध्ये. आणि बॅटरी मागं घेऊन मी त्या एका नाकासाठी अख्खी बोट मागं जड करत होतो, मग ती उड्या नाही मारणार तर काय करणार.

आता हे वाकलं कसं? डिकी. एप्रिल-मे, जळगावचं ऊन, बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस असतं तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीत हात लावला तर चटका बसतो, आणि फायबरचं रेझिन तेवढ्या उष्णतेत मऊ पडतं. उजव्या स्पॉन्सनच्या मधोमध खाली पान्यांची पिशवी होती आणि मागच्या टोकावर चार्जरचा डबा. दोन महिने. लाटलेला ओला पापड जसा कडेने हळूहळू खाली झुकतो तसं ते शेपूट झुकलं आणि तसंच थंड झालं. दोष ना विकणाऱ्याचा ना मोटारीचा, आमच्या सूर्याचा आणि माझ्या आळसाचा. तरी बरं लिपो बॅटऱ्या घरात होत्या, त्या उष्णतेने पेटू शकतात, डिकीत असत्या तर आज हे लिहायला गाडी नसती.

दुरुस्ती साधी आहे पण घाई केली की वाट लागते. आधी खोलगट भाग खरखरीत पॉलिश पेपरने घासून घेतला, थिनरने पुसला. अरल्डाइट आणि टाल्कम पावडर मिसळून श्रीखंडासारखं दाट केलं (पावडर बायकोची, विचारून घेतली नव्हती) आणि खोलगट भागात भरलं. स्टीलच्या पट्टीला सेलोटेप गुंडाळला म्हणजे ती चिकटत नाही, आणि ती पट्टी वरून दाबून मागच्या टोकाच्या थोडी बाहेर येईल अशी बांधून रात्रभर ठेवली. सकाळी पट्टी टक् करून सुटली. मग शोकेसची जुनी काच, तिच्यावर 120 नंबरचा पेपर चिकटवला आणि बोटच काचेवर घासली, पेपर बोटीवर नाही. हे महत्त्वाचं आहे. हातात पेपर धरून घासलं तर बोटांचे उंचवटे बुडात उतरतात, काचेवर घासलं तर फक्त जे वर आलंय तेच झिजतं. मधे मधे पेन्सिलने रेघा मारायच्या, सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या की बूड सपाट. मग 220, मग 400, मग 600 पाणी लावून.

आणि मागची कड. ही बहुतेक लोक बघतच नाहीत. स्पॉन्सनच्या बुडाची मागची कड चाकूसारखी तीक्ष्ण पाहिजे, तिथं पाणी पटकन सुटलं पाहिजे. कड गोल असेल तर पाणी तिला चिकटून वर वळतं आणि शेपूट खाली ओढतं, म्हणजे वाकलेल्याच्या नेमका उलटा त्रास. माझ्या दोन्ही कडा काठावर घासून घासून गोल झाल्या होत्या. त्या पण भरल्या, घासल्या. नखावरून फिरवली तर नखाची पांढरी धूळ निघाली पाहिजे, एवढी धार. शेवटी परत पट्टी, परत ट्यूबलाइट. अंधार. रात्रीचे साडेबारा वाजले होते, मी एकटाच दुकानात हसत होतो, वॉचमनने शटर वाजवून विचारलं शेठ ठीक आहे ना.

हात लावलाच आहे तर प्रोप पण बॅलन्स केला. दाढीची दोन ब्लेडं उभी करून त्यांच्यावर बारीक सळई आणि सळईवर प्रोप, जी पाती खाली जाते ती जड, तिच्या पाठीमागून कानशीने थोडं थोडं काढायचं. पुढची धार पण केली. यात मी बॅटरी जोडलेली असताना प्रोप परत लावत होतो आणि कोपर रिमोटला लागलं. अंगठ्याला तीन टाके. बॅटरी काढल्याशिवाय प्रोपला हात लावायचा नाही, हे दुकानात पोरांना मी रोज ओरडून सांगतो की सप्लाय बंद केल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका.

टाके निघाल्यावर परत मामाकडं. बॅटरी मूळच्या खुणेवर, तीस टक्क्यांवर. जुना प्रोप, वायरी जुन्या. ट्रिम झिरो केलं, भीतभीतच. बोट सोडली, सरळ गेली. खरंच सरळ. डावीकडे वळवली, घेर पहिल्यापेक्षा छोटा. उजवीकडे वळवली आणि पंखाने पाणी पकडलं, त्या बाजूने पाण्याची एक उंच पातळ भिंत उठली आणि बोट रुळावरून गेल्यासारखी फिरून माझ्याकडं आली. अर्ध्या थ्रॉटलला आठ आकडा काढला, थ्रॉटलवरून हाताचं बोट न उचलता. बारा वेळा. मोजले. पुढच्या रविवारी वाघूरला जीपीएस ठेवून पळवली तर उन्हाळ्यानंतरचा आकडा 44 होता तो 49 झाला, मोटार तीच, बॅटरी तीच. उजव्या नाकाची ओढ गेली तेवढाच तो वेग. मग हाव सुटली आणि मोटार एक वॉशर वर घेतली, 51 झाला, पण वळणात परत बोंब, तर परत खाली. मला 49 चालतील.

एक बारीक तक्रार अजून आहे, वाऱ्यात समोरून झुळूक आली की नाक जरा जास्त उचलतं. मोटारीचा कोन अर्धा अंश आत घेतला की नाक बसतं, पण मग शांत पाण्यात ओली चालते, म्हणजे बूड पाण्याला जास्त टेकतं. वाऱ्याच्या दिवशी एक आणि शांत दिवशी एक असे दोन पातळ वॉशर आता डबीत ठेवलेत.

मामाचं राहिलं. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा भरीत-भाकरी झाली, आणि जेवण झाल्यावर मामा स्वतःहून काठावर आला, हात पुढं केला आणि म्हणाला, "माले दे ना भो." मी रिमोट दिला, सांगितलं की हळू, आधी डावीकडे. त्याने डावीकडे घेतली, उजवीकडे घेतली, छान घेतली हो, ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाचा हात असतो. मग त्याला जोर आला आणि त्याने पूर्ण थ्रॉटल दाबला. अडीच सेकंद. बोट पलीकडच्या काठावरून कागदावर चढली, कुंपणापर्यंत गेली आणि तारेला अडकली. कागद फाटला नाही, तो आधी बघून आला. बोटीच्या डाव्या स्पॉन्सनचं नाक गेलंय. डाव्या. अरल्डाइट भरून टेबलावर वाळत ठेवलीय, घरात, पंख्याखाली, खाली पान्यांची पिशवी वगैरे काही नाही हे दोनदा बघितलं.